झाडाच्या चार बाजू

या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर आठशे शब्द सांगितले. मी तीन हजार म्हणालो. त्या म्हणाल्या, तेवढी जागा नाही. मी म्हणालो, मग दुसऱ्याला विचारा, आणि फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला आणि दोन हजारांवर ठरलं. मला दोन हजारच हवे होते. उभा जन्म संत्र्याच्या बागा घेण्यात गेला, सवय जात नाही.

विषयही त्यांचाच. नव्यानं इंटरनेटवर लिहिणाऱ्यानं आपला विषय कसा शोधावा आणि पोस्ट किती लांब ठेवावी, हे अनुभवातून सांगा म्हणाल्या. मी ब्लॉग लिहायला लागलो तेव्हा वऱ्हाडाचं नाव रोज पेपरात यायचं, आणि चांगल्या कारणासाठी यायचं नाही. मुंबई-दिल्लीहून गाड्या भरून माणसं येत, दोन दिवस राहत आणि आमच्याबद्दल मोठमोठं लिहून जात. ते वाचून माझं डोकं फिरायचं. लिहायला बसलो त्याचं पहिलं कारण हा राग, दुसरं काही नाही.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाग घेणं म्हणजे जमीन घेणं नाही. झाडावर फळ धरलेलं असतं, पिकायला महिना-दीड महिना असतो. व्यापारी बागेत येतो, फिरतो, आणि या बागेत एवढी हजार फळं आहेत असा अंदाज बांधतो. त्या अंदाजावर सगळ्या बागेचा ठोक सौदा होतो. नंतर फळगळ झाली, गारपीट झाली, तर नुकसान व्यापाऱ्याचं. फळ जास्त निघालं तर फायदाही त्याचाच. म्हणजे सगळा खेळ नजरेचा. मालक आपल्या बागेत रोज असतो, म्हणून त्याला झाडं दिसतात, फळं मोजलेली नसतात. व्यापारी वर्षात दोनशे बागा बघतो. पुढचं तुम्हीच समजा.

माझा बाप हातगाडीवर संत्री विकायचा. मी पंधराव्या वर्षी बागेत तोडणीला गेलो आणि पंचविसाव्या वर्षी स्वतः बाग घेतली. कुणी शिकवलं नाही. नजर आपोआप बसली, आणि जीभ आधीपासूनच तिखट होती.

ब्लॉग सनाने, माझ्या मुलीने, काढून दिला. तिच्या कॉलेजसाठी कॉम्प्युटर घेतला होता. मी सगळं लिहून तिच्यापुढे ठेवायचो, तिनं टाईप करायचं. दोन महिन्यांत ती वैतागली. मग मी अकोल्याच्या जठारपेठेतल्या टायपिंग क्लासात नाव घातलं. अठरा वर्षांच्या पोरींच्या रांगेत मी एकटा पांढऱ्या दाढीचा. मास्तरणीनं विचारलं, "काका, नोकरीसाठी का?" मी म्हणालो, "भांडणासाठी."

सुरुवातीला मी सगळ्यावर लिहिलं. सरकार, कापूस, वीज, पुण्याचे पत्रकार, आमच्या मोहल्ल्यातलं पाणी, तरुणपणी पाठ केलेले शेर. प्रत्येक पोस्ट अडीच-तीन हजार शब्दांची. वाचणारे अकरा. त्यातही चार वेळा सनाच. एकदा एक प्रतिक्रिया आली, "छान. लिहीत रहा." आठ दिवस मी ती लोकांना दाखवत फिरलो. नंतर कळलं, तो माणूस सगळ्यांच्याच पोस्टखाली तेच लिहितो.

"अब्बा, इतना लंबा कौन पढ़ेगा?" सना म्हणायची.

"पढ़ने वाला पढ़ेगा."

"ग्यारह लोग?"

मी तिच्यावर ओरडलो. ती उठून गेली. पण बोलणं खरं होतं, आणि खरं बोलणं मला दोन दिवसांनी पटतं.

विषय सापडला तो भांडणातून. अकोटचा गजानन माझा भागीदार होता. चौदा वर्षं आम्ही एकत्र बागा घेतल्या. एका बागेच्या तोडणीवरून आमची जुंपली. त्यानं कमी मजूर आणले, फळ झाडावर राहिलं आणि ऊन लागून खराब झालं. दोष त्यानं माझ्या अंदाजावर ढकलला. "तुमची मोजणीच चुकली, रफिकभाई," म्हणाला. माझी मोजणी! घरी आलो आणि रागाच्या भरात एकटाकी लिहून काढलं. बाग कशी मोजतात, मी कशी मोजतो, आणि व्यापारी मालकाला कशी मोजून दाखवतो. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तेही लिहिलं. नाव माझं घातलं नाही. ब्लॉगवर नुसतं 'एक बागवान' असं होतं.

त्या पोस्टखाली आठवड्यात चाळीस प्रश्न आले. कौतुक एकाचंही नाही. झाड मोठं असलं तर काय करावं? गळ किती धरावी? कोळशी येऊन काळ्या पडलेल्या झाडाचं फळ मोजायचं की सोडायचं? व्यापारी धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या रोगट ओळीपासूनच सुरुवात का करतो? मी खुर्चीत बसल्या जागी एकेकाला उत्तर देत गेलो. चहा दोनदा थंड झाला. नवीन लिहिणारे मला विचारतात, विषय कसा शोधला. मी काही शोधला नाही. सरकारवर लिहिलं तेव्हा मला कुणी काही विचारलं नाही, फळावर लिहिलं तेव्हा विचारलं. सरकारबद्दल मला जेवढं माहीत होतं तेवढं चहाच्या टपरीवर सगळ्यांनाच माहीत होतं.

मग मी धंद्यातलं सगळं लिहीत गेलो. एक युक्ती तर आमच्यात सगळे करतात. पहिला माणूस सोमवारी येतो, नाक मुरडतो, कमी बोलतो आणि निघून जातो. दुसरा गुरुवारी येतो, थोडं जास्त बोलतो. मालकाला वाटतं हा देवमाणूस. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत असं दाखवतात आणि फाट्यावरून एकाच जीपनं घरी जातात. हे लिहिताना मला मजा आली. आपण स्वतः हेच करतो, हे लिहिताना आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि पुढे लिहीत गेलो.

आता लांबीचं.

शेतीची माहिती देणाऱ्या पुण्याच्या एका वेबसाइटनं मला पत्र पाठवलं. तुमची मोजणीची पोस्ट छापतो, पण तीनशे शब्दांत आणि मुद्दे घालून. मी भाव केला, पाचशे मागितले. ते हटले नाहीत. मी म्हटलं, कापा. ही माझी चूक. बागेत मी फळाला देठ किती ठेवायचा ते सांगितल्याशिवाय मजुराला कात्री देत नाही, आणि इथं एका अनोळखी पोराच्या हातात दिली.

मी लिहिलं होतं ते असं: घाई असली की व्यापारी झाडाची एक बाजू मोजतो आणि चारने गुणतो, मालकानं असं कधी करू नये. त्यांनी छापलं: एक बाजू मोजा, चारने गुणा. मुद्दा क्रमांक दोन. खाली माझं टोपणनावसुद्धा नाही, 'आमच्या प्रतिनिधीकडून' असं. नाव गेलं त्याचा राग मला अजून आहे, खोटं कशाला बोलू.

महिन्याभरानं ब्लॉगवर एक प्रतिक्रिया आली. अंजनगावच्या बाजूचे देवराव म्हणून एक शेतकरी होते. त्यांनी लिहिलं होतं की वेबसाइटवरचा तो लेख तुमचाच दिसतो, त्यावर भरवसा ठेवला आणि बाग हातची गेली. मी दर्यापूरला जीप बदलून त्यांच्याकडे गेलो. मीच लिहिणारा, असं सांगितलं नाही. म्हणालो, लिहिणारा माझ्या ओळखीचा आहे.

देवराव सत्तरीचे, सडपातळ. बाजेवर बसून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "थ्या लिहिणाऱ्याले सांगा म्हना, गुणाकार शाळेत शिकव."

त्यांनी उन्हाकडची बाजू मोजली होती. तिथलं फळ आधी रंगतं, म्हणून डोळ्यात भरतं. त्याला चारने गुणलं. आकडा एवढा फुगला की आलेल्या तिन्ही व्यापाऱ्यांना त्यांनी चोर ठरवून परत पाठवलं. चौथा आलाच नाही. मग गळ सुरू झाली.

"व्यापाऱ्यानं फसोलं असतं त मले राग नसता," ते म्हणाले. "थो त्याचा धंदाच हाय. पन लिहिणाऱ्याले काय गरज होती आमाले फसव्याची?"

मी ओशाळलो, पण खिशात मूळ पोस्टचा कागद होता तो काढला. म्हटलं, तुम्ही हे वाचत वाचत एका झाडाला चक्कर मारा, मी बघतो. त्यांचा नातू चष्मा घेऊन आला. देवराव मोठ्यानं वाचत, एका हातानं फांदी बाजूला करत चालू लागले. मी मागे. दोन बाजू झाल्या तेव्हा ते अजून माझ्या प्रस्तावनेतच होते. त्यात मी माझ्या बापाचं वर्णन केलं होतं. "हे बापाचं कायले सांगून राहिला थो?" ते म्हणाले आणि दोन परिच्छेद सोडून पुढे गेले. नेमकं त्यातच शेवटी मी 'आतली फळं वेगळी मोजा' लिहिलं होतं. ते त्यांनी मोजलंच नाही.

परत येताना दर्यापूरच्या स्टँडवर जीप भरायची वाट पाहत मी त्याच कागदाच्या पाठीमागे पोस्ट नव्यानं लिहिली. पहिली बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. मग आतलं फळ. प्रत्येक बाजूला चालताना वाचून होईल एवढंच. बाप गेला, पुण्याचे पत्रकार गेले. 'गुणू नका' हे वाक्य पहिलंच. पुढे टाईप केल्यावर ते साडेचारशे शब्द भरले. तेव्हापासून माझी पोस्ट त्याच्या आसपास असते. कुणी म्हणेल लोकांना छोटं आवडतं. मला ते माहीत नाही. तीनशेत तिसऱ्या बाजूलाच मजकूर संपतो आणि तीन हजारांत वाचणारा झाडाखालीच बसतो, एवढं मी बघितलं. तुम्ही स्वयंपाकावर लिहीत असाल तर फोडणी जळायच्या आत वाचून झालं पाहिजे. ते तुमचं तुम्ही मोजा.

देवरावांना मी खरं सांगितलं नाही. ते गेले. आता सांगायला कुणी नाही.

त्यानंतरच्या मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुलणाऱ्या फळाची गोष्ट. भांडण मिटलं होतं, भागी चालू होती; गजानन आणि मी चांदूर बाजारच्या अलीकडे एका गावात शोभाताईंच्या बागेवर गेलो. शोभाताई पन्नाशीच्या, शेत त्याच बघत, नवरा अमरावतीला शाळेत शिपाई होता आणि सुट्टीला येई. आदल्या वर्षी ही बाग आम्हीच घेतली होती. तेव्हा सोमवारी गजानन गेला होता आणि गुरुवारी मी. या वर्षी बाजार चढा होता, दोन खेपांना वेळ नव्हता, म्हणून दोघं एकाच जीपमधून उतरलो.

शोभाताई बांधावर उभ्या होत्या. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "यंदा संगंच आले का बाप्पा? मागच्या साली त ओळख नव्हती तुमची."

गजानन हसला. "धंद्यात होते ओळख, ताई."

मी सवयीनं धुऱ्याकडच्या ओळीला लागलो. त्या म्हणाल्या, "तिथून नोका सुरू करू. हे घ्या, इथून." आणि पदराखालून कागद काढले. झेरॉक्स केलेले, चार घड्या पडलेले. मी लांबूनच ओळखले. ओळी मोडायची माझी जागा मला ठाऊक आहे.

त्या वाचत पुढे, आम्ही मागे. पहिली बाजू, दुसरी बाजू. आपण पकडले जाणार असं दिसलं की मला राग येतो. मी म्हणालो, "कोणाचं लिहिलेलं आहे हे? इंटरनेटवर कोणीही काहीही लिहितो, ताई."

म्हणजे मी माझ्याच पोस्टशी भांडायला लागलो होतो.

"असंल," त्या म्हणाल्या. "पन हा मानूस बागेतला हाय. आयका." आणि त्यांनी वाचलं, "हात फांदीत घाला. बाहेर दिसतात ती पाहुणे मंडळी, आत असतात ती घरातली माणसं. घरातली माणसं मोजल्याशिवाय घर सोडू नका."

गजानन जागेवर थांबला. 'घरातली माणसं' हे शब्द माझे आहेत. चौदा वर्षं बागेत तो माझ्या तोंडून ऐकत आला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग खाली बसला आणि तंबाखू मळायला लागला.

"हा लिहिणारा मले भेटला न, ताई," तो तळहाताकडे बघत म्हणाला, "त पेटीत घालतो आन खिळे ठोकून दिल्लीले रवाना करतो."

"काऊन? खोटं लिहिलं का त्यानं?"

गजानन तंबाखू मळत राहिला. त्या माझ्याकडे वळल्या. "तुमी सांगा, भाई. तुमी मोठे व्यापारी. हे खरं हाय का खोटं? मले आज सौदा करा लागते. खरं असंल त मी माह्या मोजणीवर बसतो. खोटं असंल त तुमी मनता तसं."

आता यात काय अडकलं होतं ते सरळ सांगतो. खोटं म्हणालो असतो तर बाग आमच्या भावात मिळाली असती आणि गजानन टिकला असता. त्याच्याशिवाय माझ्याकडे मजूर नव्हते, गाडी नव्हती. खरं म्हणालो असतो तर मागच्या वर्षी आम्ही काय केलं तेही त्याच कागदांत, दुसऱ्या पोस्टमध्ये होतं. सोमवार-गुरुवारसकट. त्यांनी तो भाग वाचला होता, हे त्यांनी बांधावरच सांगून टाकलं होतं. मला उशिरा कळलं.

मी कुठल्या मोठेपणानं बोललो असं नाही. त्या कागदावर माझं नाव नव्हतं, आणि ती बाई ते लिहिणाऱ्याला 'बागेतला मानूस' म्हणाली होती. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. एवढंच.

"खरं आहे," मी म्हणालो. "मीच लिहिलंय."

माझ्या मनात होतं की त्या चकित होतील, बसायला सांगतील, चहा ठेवतील. त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

"मंग मागच्या साली काऊन नाई लिहिलं?"

भाव करताना मला कधी शब्द कमी पडले नाहीत, तिथं पडले.

गजानन उठला, तंबाखू तोंडात टाकली. "ताई, तुमच्या मोजणीवर बाग मी घेतो," तो म्हणाला. "एकटा. यांचा यात हिस्सा नाई." आणि मला म्हणाला, "चला बाजूले व्हा, रफिकभाई. तुमी लिहा."

शोभाताईंनी बाग त्याला दिली, त्यांच्या आकड्याला. मी फाट्यापर्यंत चालत आलो. बाग माझ्या मोजणीनं विकली गेली, चांगल्या भावानं गेली, आणि त्यात माझं एक फळ नव्हतं. गजाननचा मला अजून राग आहे. त्यानंही मागच्या वर्षी तेच केलं होतं जे मी केलं. मी कबूल केलं आणि घरी बसलो, तो गप्प राहिला आणि बाग घेऊन गेला. पुढे अकोल्याच्या बाजारात कुणी माझ्याशी भागी केली नाही. गाडीत माल घालायला गेलो की जागा नसायची. आज मी मालकांच्या बाजूनं बागा मोजून देतो, झाडामागे ठरावीक घेतो, पोट भरतं. ज्यांनी मला वाळीत टाकलं त्यातले तिघं-चौघं आता स्वतःच्या बागा विकताना मला बोलावतात. त्यांना मी दुप्पट दर सांगतो. कमी करत नाही.

पण त्या दिवशी घरी आल्यावर मी कॉम्प्युटरसमोर बसलो. मागच्या वर्षीचं लिहायचं होतं. आधी धंद्याची रीत लिहिली, मग सगळेच असं करतात ते लिहिलं, मग बाजाराची मजबुरी. हजारभर शब्द झाले. वाचून बघितलं. त्यात शोभाताईंचं उत्तर नव्हतं. पुसून टाकलं. शेवटी एवढंच उरलं: "मागच्या वर्षी चांदूर बाजारकडच्या एका बागेत मी दोनशे झाडांवर दर झाडामागे शंभर फळं कमी सांगितली. मला मोजता येत होतं. रफिक, अकोला." नाव घालून लिहिलेली ती माझी पहिली पोस्ट.

सनानं वाचून विचारलं, "बस, इतना ही?"

"इतना ही."

चार दिवसांनी त्याखाली एकच प्रतिक्रिया आली. शोभाताईंनी कुणाकडून तरी लिहून घेतली असावी. "झाडं दोनशे चौदा हायत. चौदा कुठी गेले?"

मी आकडा दुरुस्त केला.